चमक येते कुठून?

डबीत पाहिली तर ही पावडर कुणी उचलणारही नाही. पांढरी, थोडी मळकट, झाकण उघडताना नखाला चिकटणारी. बोटाचं टोक तिच्यात बुडवून मनगटाच्या आतल्या, ऊन न लागलेल्या भागावर ओढलं तर पुसटशी मोतिया रेघ उमटते. हात उलटा करून तेच बोट रापलेल्या बाजूवर ओढलं की रेघ निळी दिसते. आणि काजळाच्या ठिपक्यावर टेकवलं तर तो निळा-जांभळा असा पेटतो की शेजारी बसलेली बाई बोलता बोलता थांबते. पावडर तीच असते, बदललेला असतो तो खालचा रंग.

कॉलेजच्या दिवसांपासून मी आयशॅडो लावते आहे. मॉलमधल्या काउंटरवर, लग्नाच्या मेकअपला बसल्यावर, मासिकांच्या पानांत माझ्या सावळ्या पापणीविषयी मला एकच सल्ला मिळत आला: आधी कन्सीलरने ती उजळ करून घ्या, मग रंग लावा. म्हणजे रंगाला जागा मिळण्यासाठी आधी माझी त्वचा पुसायची. परदेशातल्या छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या आयशॅडो हाताशी आल्या तेव्हा मी पहिल्यांदा याच्या उलट घडताना पाहिलं. हे रंग सावळ्या पापणीवरच उमलतात. असं का होतं, हे रंग बनवतं कोण आणि त्यांतली चमक मुळात येते कुठून, याच्या मागे मी यंदाचा पावसाळाभर होते.

मुळात या कंपन्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. अमेरिकेत खनिज रंगांच्या सुट्या पावडरींचा मेकअप लोकप्रिय झाला, इंटरनेटवरून विक्री सोपी झाली आणि घरातल्या एका खोलीत, वजनकाटा आणि खलबत्ता घेऊन रंग मिसळणाऱ्या बायकांना (आणि काही पुरुषांनाही) गिऱ्हाईक मिळू लागलं. वॉशिंग्टन राज्यातली फिरिने ही त्यांतली जुनी आणि आदराने घेतली जाणारी कंपनी. लॉस एंजेलिसमध्ये एमी डोआन हिने 2010 मध्ये शुगरपिल काढली, आणि भडक, कँडीसारखे रंग म्हणजे काहीतरी पोरकट, ही समजूत मोडून काढली. शिरो कॉस्मेटिक्सने व्हिडिओ गेम्सवरून रंगांची नावं ठेवली आणि एक अख्खा संग्रह निकोलस केज या नटाच्या नावाने काढला. बर्लिनमध्ये लीथल कॉस्मेटिक्स आहे. कॅनडात क्लिओना आहे, तिच्या ‘स्टेन्ड ग्लास’ संग्रहाने मल्टिक्रोम हा, पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलणारा, प्रकार घरोघरी नेला. नायजेरियात जन्मलेल्या चिची एबुरू यांनी 2016 मध्ये जुवियाज प्लेस सुरू केली ती गडद त्वचेवर ठसठशीत उमटतील असे रंग मिळत नव्हते म्हणून. पॅलेटच्या झाकणावर त्यांनी आफ्रिकी राणीचा चेहरा छापला. ती कंपनी आता लहान राहिलेली नाही, पण सुरुवात तिथलीच आहे, एका बाईला आपल्या त्वचेसाठी जे हवं होतं ते दुकानात नव्हतं तिथली.

माझी मावसबहीण टोरांटोला असते. गणपतीला आली तेव्हा तिने माझ्यासाठी फिरिनेच्या सुट्या आयशॅडोंच्या छोट्या डब्या आणि क्लिओनाचे काही मल्टिक्रोम आणले. या कंपन्यांची एक रीत मला फार आवडते: रंग एकेकटा विकत घेता येतो, आणि बऱ्याच जणी नमुन्यापुरती चिमूटभर पावडरही विकतात. बारा खणांतले चार वापरायचे आणि आठ वाळवत ठेवायचे, हा प्रकार नाही. त्याची दुसरी बाजू म्हणजे वाट पाहणं. माल तयार करणारे हात दोन किंवा चार असतात. ऑर्डर नोंदवल्यावर डबी भरली जाते, लेबल लागतं, मग पार्सल निघतं. सणाच्या आधी तीन आठवडे आठवण झाली तर ते उशिराच झालं म्हणायचं.

सुटी आयशॅडो लावण्याची पद्धत दाबलेल्या वडीपेक्षा वेगळी आहे, आणि ती शिकावी लागते. ब्रश भरून पापणीवर फिरवला की निम्मी पावडर गालावर सांडते, उरलेली मंद दिसते. फिरिनेचं ‘पिक्सी एपॉक्सी’ नावाचं चिकट जेल यासाठीच आहे. आधी नेहमीचा प्रायमर, कारण आपल्या हवेत पापणीला तेल सुटतंच आणि नुसतं चिकट जेल घडीत गोळा होतं. त्यावर जेलचा अगदी पातळ हात, एका वेळी पापणीचा थोडाच भाग. ते ओलं असताना घाई करायची नाही, बोटाला जरा ओढ लागेल इतकं सुकू द्यायचं. मग चपटा ब्रश किंवा बोट घेऊन पावडर दाबत, थापटत बसवायची. फिरवायचं नाही. डोळे आधी, फाउंडेशन नंतर, म्हणजे गालावर सांडलेलं पुसता येतं. एवढं केलं की चकाकणारे कण एकमेकांशेजारी सपाट बसतात, आणि ते सपाट बसले तरच प्रकाश एका दिशेने परततो. रंग लावणं आणि रंग बसवणं यांतला फरक मला इथे कळला.

ठाण्यातला ऑक्टोबर ही मेकअपची खरी परीक्षा. सकाळी लावलेली आयशॅडो घेऊन मी लोकलने सीएसएमटीला गेले, दिवसभर काम केलं, गर्दीच्या वेळी परत आले. प्रायमर आणि जेल दोन्ही लावलेल्या डोळ्यावरचा रंग संध्याकाळी घडीत किंचित विरला होता, बाकी जागच्या जागी होता. नुसत्या प्रायमरवर लावलेला डोळा दादरपर्यंतच फिका पडला. क्लिओनाचे दाबलेले मल्टिक्रोम यापेक्षा सोशिक निघाले. पोत मऊ, थोडा ओलसर, बोटाने लावले की एका हातात भरतात. ब्रशने त्यांची निम्मीही रंगत येत नाही. आणि खाली काळ्या पेन्सिलचा पुसट थर असेल तर त्यांच्याइतकं देखणं काही मी पापणीवर पाहिलेलं नाही.

घरी लक्ष्म्या बसल्या होत्या तेव्हा मी हे रंग सगळ्यांच्या डोळ्यांवर लावून पाहिले. वहिनी घाऱ्या-गोऱ्या, मावसबहीण गव्हाळ, मी सावळी आणि धाकटी मावशी आमच्या घरातली सगळ्यांत काळीसावळी. मावशीने त्या पांढऱ्या पावडरीच्या डबीत डोकावून आधी हात मागे घेतला. ‘‘अगं, पांढरं फटक दिसेल ते माझ्यावर. लग्नात त्या बाईने लावलं होतं, आठवतंय ना? वहिनीला लाव.’’ वहिनीला लावलं. डोळ्यावर सुंदर ओलसर चकाकी आली, पण निळा रंग कुठे दिसेना. मावशीला लावलं आणि खोलीतल्या बायका एकदम उठून जवळ आल्या. तिने मान वळवली की पापणीवरून निळा सरकत जांभळ्यात जात होता. तिच्या डोळ्यांभोवतीची काळसर छटा, जी झाकायला तिने आयुष्यभर पावडर फासली, तीच या रंगाला खोली देत होती.

यामागचं शास्त्र साधं आहे आणि मला ते अतिशय सुंदर वाटतं. आयशॅडोतली चमक बहुतेक वेळा अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांतून येते. त्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवलेला असतो. हा थर नॅनोमीटरमध्ये मोजतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही आत जाऊन खालच्या पृष्ठभागावरून. दोन्ही लाटा एकमेकींना भेटतात तेव्हा काही रंग बळावतात, काही मावळतात. थर 40 ते 60 नॅनोमीटर असेल तर चंदेरी दिसतं. तो वाढवत नेला की सोनेरी, मग तांबूस, मग निळा, मग हिरवा. त्यात निळा रंग कुणी घातलेला नसतो. रंग त्या जाडीचा असतो.

आता पापणीचा मुद्दा. निळा परतवणारा पापुद्रा बाकीचा प्रकाश, म्हणजे पिवळसर भाग, खाली जाऊ देतो. खाली गोरी त्वचा असेल तर ती हा पिवळसर प्रकाश परत वर फेकते. तो निळ्यात मिसळतो आणि दोन्ही मिळून पांढुरकं दिसतं. खाली सावळी त्वचा असेल तर तिच्यातलं मेलॅनिन हा प्रकाश शोषून घेतं आणि निळा एकटा, निर्भेळ उरतो. मावशीच्या पापणीवर जे झालं ते हेच. म्हणून अशा रंगांसाठी पापणी आधी कन्सीलरने उजळ करणं म्हणजे रंगाचा पायाच काढून घेणं.

मग मावशीच्या आठवणीतलं ‘पांढरं फटक’ काय होतं? फिक्या मॅट छटांमध्ये हाच टायटॅनियम डायऑक्साइड असतो, पण पातळ थराच्या रूपात नाही, अपारदर्शक पांढऱ्या भुकटीच्या रूपात. ती पांढरी भुकटी आणि टाल्क गडद त्वचेवर पसरले की राखेचा लेप दिसतो. पदार्थ तोच, काम निराळं. सावळ्या बाईला फिके रंग शोभत नाहीत, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकलं. शोभत नाही ती खडू मिसळलेली पावडर. डबीत फिका दिसणारा चमकता रंग तिच्याइतका कुणालाच शोभत नाही.

मल्टिक्रोममध्ये हेच तत्त्व पुढे नेलेलं आहे. पापुद्र्यावर एकावर एक वेगवेगळे थर चढवतात, त्यामुळे पाहण्याचा कोन बदलला की प्रकाशाची आतली वाट बदलते आणि रंगही बदलतो. समोरून तांबडा दिसणारा रंग तिरकं पाहिलं की सोनेरीकडे, आणखी तिरकं पाहिलं की हिरव्याकडे जातो. धूपछाव पैठणीचा पदर हलताना जे सुख डोळ्यांना होतं तेच इथे बोटभर जागेत होतं, जरी पैठणीत ही करामत उभ्या-आडव्या धाग्यांच्या दोन रंगांची असते.

या चमकीला इतिहास आहे. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकँ नावाच्या जपमाळा बनवणाऱ्या कारागिराने माशांच्या खवल्यांतून मोत्यासारखी झळाळी काढली आणि ती पोकळ काचमण्यांत भरून नकली मोती केले. खवल्यांतल्या ग्वानिनच्या स्फटिकांची ती झळाळी पुढे नखांच्या आणि ओठांच्या रंगांतही आली. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेल्या अभ्रकाचं पेटंट अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या हॉवर्ड लिंटन यांना 1963 मध्ये मिळालं. आज गाड्यांच्या रंगापासून पापणीपर्यंत जे जे मोतिया चमकतं ते बहुतेक त्याच वंशातलं आहे.

इथे छोट्या कंपन्यांविषयी एक कडक गोष्ट बोलायला हवी. हे पापुद्रे त्या स्वतः बनवत नाहीत, बनवू शकत नाहीत. ते मोठ्या रसायन कंपन्यांकडून किलोने येतात. काही जण ते जसेच्या तसे छोट्या डबीत भरून, गोड नाव देऊन विकतात. रंग वाईट नसतो, पण त्यात कुणाची नजर नसते, आणि तोच रंग दहा ठिकाणी दहा नावांनी सापडतो. चांगली रंगकर्ती इथून पुढे काम सुरू करते. पायाला कोणता आयर्न ऑक्साइड, त्यात किती काळा, चमक किती, कण बारीक की मोठे, चिकटावं म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट की आणखी काही. पाया तपकिरी ठेवून त्यावर हिरवी चमक दिली तर शेवाळलेल्या तांब्याची छटा येते. पाया जांभळा ठेवला तर तीच हिरवी चमक करडी पडते. हा निवाडा नजरेचा आहे. फिरिनेच्या रंगांत मला तो जागोजाग दिसला. साधा तपकिरी म्हणून घेतलेल्या रंगात दिव्याखाली तांबड्या आणि हिरव्या ठिणग्या निघाल्या, आणि त्या एकमेकींना मारत नव्हत्या.

रंगांच्या बाबतीत छोट्या कंपनीला कायद्यातही वाट काढावी लागते. अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायची रंगद्रव्यं वेगळी मंजूर होतात. आयर्न ऑक्साइड, अल्ट्रामरीन, मँगनीज व्हायोलेट, क्रोमियमचे हिरवे चालतात. भडक गुलाबी आणि निऑन देणारी बरीच द्रव्यं, जी युरोपात डोळ्यांसाठी चालतात, ती तिथे चालत नाहीत. म्हणून काही पॅलेटांवर ‘आयशॅडो’ऐवजी ‘प्रेस्ड पिगमेंट’ असं लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरांत डोळ्यांभोवती वापरू नये अशी सूचना असते. आपण ती वाचत नाही. वाचायला हवी. खरा किरमिजी देणारं कार्माइन चालतं, पण ते निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढतात, म्हणून शाकाहाराची प्रतिज्ञा घेतलेल्या कंपन्या ते टाळतात आणि त्यांचे मॅट लाल बहुधा विटकरीकडे झुकतात.

डोळ्याविषयी हा कडकपणा उगाच आलेला नाही. 1933 च्या सुमारास ‘लॅश ल्यूअर’ नावाचा पापण्यांचे केस रंगवण्याचा रंग अमेरिकेत विकला जात होता. त्यातल्या द्रव्याने बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, काहींची दृष्टी गेली, एकीचा मृत्यू झाला. तेव्हा ते थांबवणारा कायदाच नव्हता. 1938 साली अमेरिकेने सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या कक्षेत आणली त्यामागे या प्रकरणाचा मोठा हात होता. त्यानंतरची मोठी सुधारणा थेट 2022 च्या डिसेंबरात झाली. तिच्यात, तीन वर्षांची सरासरी विक्री दहा लाख डॉलरच्या खाली असलेल्या उत्पादकांना नोंदणीसारख्या काही अटींतून सूट दिली आहे. पण डोळ्याच्या आतल्या ओलसर अस्तराला नेहमी लागणारी वस्तू बनवणाऱ्याला ती सूट नाही. मला ही तरतूद मनापासून पटते. सुटी चमकती पावडर पापणीवर राहते तशी डोळ्यातही झडते. दोन माणसांच्या कंपनीच्या आयशॅडोकडूनही मी मोठ्या कंपनीइतकीच अपेक्षा ठेवते: घटकांची पूर्ण यादी, बॅचचा क्रमांक, आणि डोळ्यांसाठी चालेल की नाही हे ठळक अक्षरांत. हे नसेल तर रंग कितीही देखणा असो, मी तो हाताच्या वर नेत नाही.

आपणही थोडी शिस्त पाळायची. कोरड्या पावडरीत जंतू सहसा वाढत नाहीत, पण ओला ब्रश थेट डबीत घातला तर आपणच त्यांची सोय करतो. पावडर झाकणात काढून घ्यावी आणि तिथे ओली करावी. हस्तकलेच्या दुकानातली चमकी तर डोळ्याजवळ न्यायचीच नाही. ती प्लास्टिकची असते, तिच्या कडा बुबुळाला ओरखडा काढू शकतात. प्लास्टिकच्या सुट्या चमकीची विक्री युरोपियन युनियनने 17 ऑक्टोबर 2023 पासून बंद केली ती पाण्यात आणि मातीत जाणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकमुळे. अभ्रकाचे कण त्या बंदीत येत नाहीत.

पण अभ्रकाची स्वतःची गोष्ट आहे, आणि ती आपल्या देशातली आहे. झारखंडमधले कोडरमा आणि गिरिडीह, बिहारमधला नवादा हा जगाला अभ्रक पुरवणारा पट्टा. जुन्या इस्त्रीत तापणाऱ्या तारेभोवती जी पारदर्शक पत्री असायची, तिचं हेच माहेर. 1980 च्या वनसंरक्षण कायद्यानंतर जंगलातल्या बऱ्याच खाणी बंद झाल्या, अभ्रक मात्र जमिनीत राहिलं. गावांतली कुटुंबं सोडलेल्या खाणींत, हाताने उकरलेल्या बिळांत शिरून ते वेचू लागली. त्या तुकड्यांना तिथे ‘ढिबरा’ म्हणतात. लहान मुलं अरुंद बिळांत सहज जातात, म्हणून तीही जातात. या पट्ट्यात 22 हजारांपर्यंत मुलं या कामात असावीत असा अंदाज 2016 च्या एका डच अहवालात मांडला गेला. त्याच वर्षी रॉयटर्सच्या बातमीदारांनी दोन महिन्यांत सात मुलं अशा बिळांत दगावल्याचं आणि ते दडपलं गेल्याचं उघड केलं. 2017 मध्ये पॅरिसमध्ये रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली. तिच्यात मोठ्या कंपन्या आहेत, काम चालू आहे, पण दलालांच्या साखळीतून फिरणाऱ्या मालाचा प्रत्येक तुकडा कुणी वेचला हे सांगणं आजही अवघड आहे.

अनेक छोट्या कंपन्यांनी यावर कृत्रिम अभ्रकाचा मार्ग धरला. त्याला फ्लोरफ्लोगोपाइट म्हणतात. खनिजं भट्टीत वितळवून त्याचे स्फटिक वाढवतात. त्यात लोहाची अशुद्धी नसल्याने ते नैसर्गिक अभ्रकापेक्षा स्वच्छ असतं आणि त्यावरची चमक जास्त धारदार दिसते. आता डबी हातात आली की मी मागच्या यादीत आधी हा शब्द शोधते. तरीही सगळ्यांनी कृत्रिम वापरलं म्हणजे प्रश्न मिटला असं मला वाटत नाही. गिरिडीहमधल्या अशा अनेक कुटुंबांकडे ढिबऱ्याखेरीज दुसरं उत्पन्न नाही. खाणकाम कायदेशीर होऊन वेचणाऱ्यांना रास्त भाव आणि मुलांना शाळा मिळणं हा पहिला उपाय आहे. गिऱ्हाईक म्हणून आपण निदान विचारू तरी शकतो, आणि विचारलेल्याचं उत्तर देणारी व्यक्ती छोट्या कंपनीत थेट भेटते. मोठ्या कंपनीत ती कधी भेटली नाही.

हे रंग आपल्याकडे का बनू नयेत, असं मावशीने विचारलं. ती तीस वर्षं औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात होती, तिचा प्रश्न वाऱ्यावर सोडण्यासारखा नसतो. आपल्याकडे घरातल्या खोलीत आयशॅडो बनवून विकता येत नाही. 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे उत्पादनाला राज्याचा परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. स्वतःचा कारखाना नसेल तर परवानाधारक कारखान्याची जागा आणि यंत्रं वापरून माल काढण्यासाठी कर्ज परवाना, म्हणजे लोन लायसन्स, मिळतो. रंगांत शिसं आणि आर्सेनिक यांची संयुगं वर्ज्य आहेत, प्राण्यांवरच्या चाचण्यांना 2014 पासून बंदी आहे. नियम चांगले आहेत. पण कारखाना एका वेळी मोठी बॅच मागतो, आणि मोठी बॅच म्हटलं की विक्रीची खात्री असलेला रंग हवा. मग पुन्हा तेच सोनेरी, तांबूस, तपकिरी.

त्यामुळे सुरुवात आपल्या मागणीतूनच व्हायला हवी. मावशीने आपल्या हातावर तो निळा ओढून, शेजारी काळ्या काजळाची रेघ ठेवून फोटो काढला आणि इथल्या एका लहान कंपनीला पाठवला. खाली लिहिलं: ‘‘असा रंग सावळ्या बाईसाठी काढणार असाल तर नमुन्याची पुडी ठेवा, पन्नास रुपयांची. आणि अभ्रक कुठलं ते लेबलवर छापा.’’